मोठ्या आवाजाचं घर

आमच्या घरात हळू कुणी बोलत नाही. साधं मीठ मागायचं असलं तरी ते खालच्या मजल्यावर कळतं. नवीन शेजारी आले की पहिला महिनाभर त्यांना वाटतं, ह्यांच्यात रोज भांडणं होतात. मग कधीतरी जिन्यात गाठ पडल्यावर ते बिचारे दबकत चौकशी करतात आणि मी सांगते, अहो, भांडण कसलं, भाजी कुठली करायची ते ठरत होतं.

ह्याला कारण माझा नवरा. ह्यांची नोकरी चाकणला, लोखंड ठोकून गाड्यांचे भाग घडवणाऱ्या एका कंपनीत. भट्टीतून लालभडक तुकडा काढायचा, साच्यावर ठेवायचा, वरून हॅमर पडतो, पायाखालची जमीन हादरते, की पुढचा तुकडा. पूर्ण शिफ्ट हेच, ओव्हरटाइम असला तर आणखी हेच. लग्न ठरलं तेव्हाच ह्यांचे कान अर्धे गेलेले होते. बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी काहीही विचारलं तरी हे नुसती मान हलवायचे, आणि मंडळी गेल्यावर वडील म्हणाले, मुलगा फार शांत आहे. शांत! लग्नानंतर पहिल्या सकाळी ह्यांनी मागून येऊन "चहा झाला का?" म्हणून विचारलं आणि माझ्या हातातली गाळणी खाली पडली.

कंपनी कानात घालायला बुचं देते. ही मंडळी ती खिशात घालतात. घाम येतो, खाज सुटते, मागून कुणी ओरडलेलं कळत नाही, अशी शंभर कारणं. खरं म्हणजे तिथं ओरडलेलं तसंही कळत नाही, म्हणून हॅमरवरची माणसं हातानं बोलतात. मूठ वर केली की मार, उघडा तळवा म्हणजे थांब, मनगटावर दोन बोटं म्हणजे शिफ्ट संपली, अंगठा तोंडाला लावला की पाणी. समोरच्याचं लक्ष नसलं तर पाय आपटायचा, नाहीतर पाठीत थाप मारायची. ही सगळी भाषा ह्यांनी घरी आणली आणि मीही ती शिकले. भाकरी थापताना मागं फरशीवर पाय आपटला की मी न वळताच सांगायचे, "थांबा, देते."

अशा घरात आमची लेक जन्माला आली.

आम्ही दिघीत दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. खोली दाखवताना मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "समोर मिल्ट्रीची झाडी हाय, हवा येती बगा एक नंबर." झाडी आहे, खोटं कशाला बोलू. पण झाडीच्या अलीकडं रस्ता आहे, रस्त्यावर खडी-वाळूचे डंपर आहेत, आणि थंडीत सकाळी धूर खाली बसला की झाडी दिसतसुद्धा नाही. लेकीचं नाक तिच्या पहिल्या थंडीत वाहायला लागलं ते वाहतच राहिलं. आधी पाण्यासारखं, मग पांढरं, मग पिवळं, मग हिरवं आणि दोरीसारखं लांब. गालावर वाळून त्याची पापडी व्हायची आणि ती ओल्या फडक्यानं काढायला गेलं की पोरगी आकांत करायची. छातीत मांजर बसल्यासारखी घरघर. सकाळी दूध पाजावं, तर खोकून खोकून सगळं उलटून टाकायची, त्यात निम्मं दूध आणि निम्मा तो चिकट कफ. माझ्या जुन्या सुती ओढण्या एकेक करून तिच्या नाकाच्या फडक्यांत संपल्या. मी घरी शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको. मशीनवर बसले की पायाशी ही सुरसुर करत बसलेली.

सासूबाई लातूरकडून आल्या. त्यांनी वेखंड उगाळून कपाळाला लावलं, ओवा तव्यावर भाजून त्याची पुरचुंडी छातीला शेकली, शेगडीत लसणाची सालं टाकून धुरी दिली. धुरीनं पोरगी खोकायची, मी खोकायचे, आणि सासूबाई स्वतःही खोकत खोकत म्हणायच्या, "लेकराचं नाक गळलालंय म्हंजी आतली घाण भाईर पडलालीय. पडू दी माय." गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलं की ते छातीला नळी लावायचे आणि तीन बाटल्या द्यायचे, एक लाल, एक पांढरी, एक केशरी. पाच दिवस बरं, सहाव्या दिवशी पुन्हा सुरू. ते तरी काय करणार म्हणा. त्यांच्या बाकावर माझ्यासारख्या सगळ्या बायका तशीच नाकं घेऊन बसलेल्या असायच्या. इथं नाक न वाहणारं पोर दिसलं तरच लोक विचारतील, बरं आहे ना हिला?

आणि मग एका उन्हाळ्यात ते थांबलं. नाक कोरडं झालं. पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. मी सगळी फडकी उकळून, वाळवून, घडी घालून वर ठेवून दिली. सासूबाईंना फोनवर ओरडून सांगितलं, त्यांनी तिकडून ओरडून देवाला नारळ कबूल केला. लेक तोंड उघडं टाकून झोपायची आणि मोठ्या माणसासारखी घोरायची, पण ते आम्हाला दुखणं वाटलं नाही. हेही घोरतात. बापावर गेली म्हणून आम्ही हसायचो.

ती बोलत नव्हती, म्हणजे अगदीच मुकी नव्हती. 'आई' म्हणायची, 'बा' म्हणायची. आणखी दोन-चार शब्द आले होते, ते पुढं वाढले नाहीत, उलट पुसट होत गेले. पण आम्हाला त्याची कमतरता जाणवली नाही, कारण ती हातानं बोलायची. तहान लागली की अंगठा तोंडाला. नको असलं की उघडा तळवा. संध्याकाळी कंपनीची बस नाक्यावर येण्याची वेळ झाली की ही दारात उभी राहून मनगटावर दोन बोटं ठेवायची, शिफ्ट संपली! ह्यांना ते बघून काय आनंद व्हायचा. जिन्याच्या खालूनच आरोळी यायची, "आलो गं माय!" आणि ही पायऱ्यांवरून धावत सुटायची. बाप तिला खांद्यावर टाकून वर आणायचा. हॅमरवरचे मित्र घरी आले की हे तिला मध्ये उभं करून सगळ्या खुणा करून दाखवायला लावायचे. "पोरगी हेल्पर म्हणून लागली भावा आपल्या लाइनला," असं कुणी म्हणालं की सगळे हसायचे आणि घर दणाणून जायचं.

मालकीणबाई म्हणायच्या, "आमच्यात बी थोरल्यानं चवथ्या वर्साला तोंड उघाडलं. आता गप बस म्हणलं तरी बसंना. काळजी नगं करू." मी काळजी करत नव्हतेच. मला ती हुशार वाटायची. अजूनही वाटते.

बालवाडीत घातली तिथं तक्रार सुरू झाली. बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी मुलांना मारते." मी म्हटलं, कशी मारते? तर म्हणे, मागून जाऊन पाठीत थापा देते. मला हसू आलं आणि रागही आला. आमच्या घरात बोलावणं असंच येतं, हे त्या बाईंना कसं सांगणार? गोष्ट सांगताना खिडकीबाहेर बघते, गाणं म्हणताना सगळ्यांच्या मागून एक टाळी उशिरा वाजवते, हेही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल. बाईंच्या वर्गात पन्नास पोरांचा गलका. त्या गलक्यात त्यांना तरी काय उमगणार होतं?

उमगलं ते माझ्या धाकट्या बहिणीला. ती पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहते, नवरा कॉम्प्युटरवाला, घरी बसून मीटिंगा करतो. म्हणून त्यांच्या घरात सगळे मांजराच्या पावलानं चालतात. मी गेले की दारातच बहीण ओठांवर बोट ठेवते. मला ते कधी आवडलं नाही. बहिणीकडं जायचं आणि शाळेत बसल्यासारखं बसायचं.

त्या दिवशी लेक त्यांच्या हॉलमध्ये फरशीवर ठोकळे मांडत बसली होती. बहीण तिच्या मागं सोफ्यावर. तिनं तिच्या नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, "खाऊ खाणार का गं?" लेक ठोकळे मांडत राहिली. बहिणीनं पुन्हा विचारलं. मग बिस्किटाचा पुडा तिच्या पाठीमागं चुरगळला. मग टाळी वाजवली. मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ताई, हिला ऐकायला येतंय का?"

मी भडकले. तुझ्या घरात बोलतात कमी आणि कुजबुजतात जास्त, कुणाला ऐकू येणार, असं मी तिला तोंडावर म्हटलं. आणि तिला दाखवायचं म्हणून मी तिथूनच, घरच्यासारखी, लेकीला हाक मारली. लेकीनं लगेच वळून बघितलं. आतल्या खोलीतून मेहुणे मीटिंग सोडून बाहेर आले. "बघ," मी म्हटलं.  पण दोन दिवसांनी तिनंच तिच्या भागातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं नंबर लावला आणि मला फोन केला की तू येणार नसशील तर मी तिला उचलून घेऊन जाईन.

गुरुवारी ह्यांना सुट्टी, म्हणून आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा घालून बघितलं. मग कानाशी एक रबरी टोकाची नळी धरली, मशीनमधून कागद आला, त्यावरची रेघ सपाट होती. तिथं डोंगरासारखा उंचवटा यायला हवा होता, त्या म्हणाल्या. कानाचा पडदा हलतच नव्हता. पडद्याच्या मागं कफासारखं चिकट पाणी साचलं होतं, डिंकासारखं. नाकाच्या मागं घशाच्या वर लहान पोरांना एक गाठीसारखा भाग असतो, तो सुजून मोठा झाला होता, आणि नाकातून कानाकडं जाणाऱ्या बारीक नळीचं तोंड त्यानं दाबून धरलं होतं. म्हणून घोरणं, म्हणून उघडं तोंड. नाक वाहायचं थांबलं म्हणजे दुखणं गेलं, असं नव्हतं. ते आत जाऊन बसलं होतं. आम्ही छातीला ओवा शेकत होतो आणि दुखणं कानात मुक्कामाला होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

"तिला सगळं पाण्यात बुडी मारल्यासारखं ऐकू येत असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर्ष तरी झालं असेल. घरी कधी लक्षात आलं नाही?"

"आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात," मी म्हटलं.

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि पुन्हा लिहायला लागल्या. ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर मलाच त्याचा अर्थ कळला. इतर कुठल्याही घरात हे केव्हाच ध्यानात आलं असतं. आमचं ओरडणं तिच्यापर्यंत थोडंफार पोचत होतं आणि उरलेलं ती आमच्या हातांवरून वाचत होती. ज्या खुणा आम्ही तिला मित्रांपुढं करून दाखवायला लावत होतो, त्यांच्यावरच ती दिवस काढत होती. मला इतका राग आला की कुणावर काढावा ते समजेना. त्या हॅमरवर काढावा, तर तो तिकडं चाकणला.

ह्यांना काहीच कळलं नव्हतं. डॉक्टरीणबाई हळू बोलत होत्या. बाहेर बाकावर बसल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" मी सांगितलं. "काय?" मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा माझा तोल गेला आणि मी ओरडले, "तिला ऐकू येत नाही!" बाकावरची सगळी माणसं वळून आमच्याकडं बघायला लागली. लेक तेवढी खाली फरशीवर कुणाच्या तरी पोराची मोटार फिरवत होती.

आधी औषध, नाकात मारायचा फवारा, काही महिने वाट बघणं. त्यात पावसाळा आला, ओल आली, नाक पुन्हा सुरू झालं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करून टाकू. नाकामागची गाठ काढायची, दोन्ही कानांच्या पडद्यांना बारीक भोक पाडून पाणी ओढून घ्यायचं, आणि भोक बुजू नये म्हणून त्यात गव्हाच्या दाण्याहून लहान नळी बसवायची. पुढं केव्हातरी ती नळी आपोआप पडते. मी ह्यांना म्हटलं, लेकीच्या कानाला भोक पाडायचंय आणि तुमच्या कानात बुच घालायचंय, आपल्या घरात सगळं उलटंच. हे हसले नाहीत. त्या दिवसापासून कंपनीत बुचं घालायला लागले. बैल गेला आणि झोपा केला, पण केला.

ऑपरेशन सकाळी झालं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन मला एका छोट्या बाटलीत काढलेला तो ऐवज दाखवला. तळाशी चार थेंब, पिवळट, बाटली तिरकी केली तरी जागचे हलत नव्हते. मला वाटलं होतं वाटीभर तरी असेल. एवढ्याशा थेंबांनी माझ्या पोरीचं सगळं बोलणं अडवून धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं घरी निघालो. भोसरीच्या चौकात एका ट्रकनं हॉर्न दिला आणि लेकीनं माझ्या पोटात तोंड खुपसलं. घरापर्यंत तिनं मान वर केली नाही. घरी आल्यावर नळाचं पाणी बादलीत पडायला लागलं तर ती उठून बघायला गेली, पाण्याकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. माझ्या शिलाई मशीनच्या आवाजाला रडली. खिडकीत चिमणी आली तेव्हा मात्र कितीतरी वेळ तोंड उघडं टाकून उभी राहिली.  चार वर्षांची पोर जणू पहिल्यांदाच चिमणी ऐकत होती.

संध्याकाळी हे आले. सुट्टी संपवून लगेच शिफ्टला गेले होते. जिन्याखालून आरोळी आली, "आलो गं माय!"

लेक किंचाळली. दोन्ही हात कानांवर गच्च दाबून ती पलंगाखाली शिरली. हे दारात आले, हात पसरलेले, आणि खोलीत पोरगीच नाही. त्यांना वाटलं, लपाछपी चाललीय. वाकून पलंगाखाली बघितलं आणि हसत म्हणाले, "सापडली! ये बाहेर!" ती भिंतीला चिकटून थरथरत होती. मी ह्यांचा दंड धरून मागं ओढलं आणि उघडा तळवा दाखवला. थांब. हे थांबले. तेव्हाही ते हसतच होते, चेहऱ्यावरून हसू काढायचं राहून गेल्यासारखे.

होईल सवय, असं सगळे म्हणाले. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, घरातले आवाज जरा कमी करा. मी टीव्ही कमी केला, भांडी जपून ठेवायला लागले, स्वतः हळू बोलायला शिकले. आयुष्यभर आरडाओरडा करून वाढवलेला गळा, पण जमलं. ह्यांना जमेना. त्यांना स्वतःचा आवाजच नीट ऐकू येत नाही तर कमी किती केला ते कळणार कसं? लेक बालवाडीत असताना आम्ही दोघं सराव करायचो. हे म्हणायचे, "आता?" मी सांगायचे, मोठा आहे. "आता?" मोठाच आहे. मग नुसते ओठ हलायचे, आवाजच नाही. पुन्हा "आता?" आणि शेजारच्या खोलीचं दार उघडायचं. पहिल्या दिवशी आम्ही हसून हसून बेजार झालो. नंतर नंतर हे म्हणायला लागले, राहू दे.

लेकीला शब्द फुटले. भराभर फुटले. बहिणीकडं जाऊन आली की दोन नवे घेऊन यायची, आणि मावशीसारखंच मऊ बोलायची. एकदा हे जेवायला बसले होते. ती दूर, उंबऱ्यापाशी उभी राहिली आणि तिनं दोन शब्द जोडून पहिल्यांदा काही सांगितलं. "बाबा हळू," ती म्हणाली.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हणाली गं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं, आणि तिनं कान झाकले.

"बाबा म्हणाली," मी म्हटलं. तेही मला ओरडूनच सांगावं लागलं.

त्यानंतर हे घरात गप्प राहायला लागले. जिन्यातून येताना आरोळी नाही. आले की हातपाय धुवायचे, खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. मधूनच तिच्याकडं बघून अंगठा तोंडाला लावायचे, पाणी दे गं. पूर्वी ती फुलपात्र घेऊन धावायची. आता तिला बोलणं सापडलं होतं, हातवाऱ्यांत मन राहिलं नव्हतं. ती आपल्याच बाहुलीशी बोलत पाठ करून बसलेली असायची, तिला खूण दिसायची नाही, आणि हे पाय आपटायला धजायचे नाहीत. मग उठून आपलं आपण पाणी घ्यायचे. बहीण म्हणाली, भावजींना कानाचं मशीन घ्यायला सांग. मी सांगितलं. हे म्हणाले, मशीन लावून गेलो तर हॅमरवरून काढून झाडलोटीला लावतील. मला वाटायचं, एकीचे कान उघडले आणि घरातलं दुसरं माणूस बंद झालं. पण तक्रार कुणाकडं करणार? डॉक्टरीणबाईंनी तर त्यांचं काम चोख केलं होतं.

थंडीच्या सुरुवातीला दाखवायला गेलो तेव्हा दोन्ही नळ्या पडून गेल्या होत्या. पडद्याची भोकं बुजली होती. "आता बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहींना पुन्हा साठतं, काहींना नाही. सर्दी सांभाळा." सर्दी सांभाळा! सकाळी दार उघडलं की समोर झाडी दिसत नाही, आणि मी सर्दी सांभाळायची. मी तिला टोपी घातली, तोंडाला रुमाल बांधला, डंपरच्या रस्त्यानं न नेता मागच्या गल्लीतून नेली. तरी जानेवारीत नाक सुरू झालं. हिरवं झालं, दोरी झालं, छाती घरघरली. वर ठेवलेली फडकी मी पुन्हा काढली. पंधरवड्यानं नाक थांबलं.

गुरुवार होता. हे सकाळी भाजी आणायला गेले होते आणि कुणीतरी ओळखीचं भेटलं असावं, कारण खुशीत परत आले. पिशवीत पेरू होते. जिना चढताना त्या खुशीत त्यांना भान राहिलं नाही आणि पूर्वीसारखी आरोळी गेली, "आलो गं माय!" दाराशी येऊन त्यांना आठवलं. तिथंच थबकले, स्वतःच्या तोंडावर हात ठेवून, काचेचं भांडं फोडलेल्या पोरासारखे.

लेक फरशीवर बसली होती, माझ्या चिंध्यांतून बाहुलीला साडी नेसवत. तिनं कान झाकले नाहीत. ती दचकली नाही. सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं, दारात बाप दिसला, हातात पेरू दिसले, आणि ती उठून पळत गेली. ह्यांनी पिशवी सोडून दिली. पेरू घरभर झाले. ह्यांनी तिला उचलून घेतलं, खुर्चीत बसले, आणि ती त्यांच्या मांडीवर अशी बसली, जणू कधी उतरलीच नव्हती.

"बघितलंस?" हे मला म्हणाले. आवाज पुरा लावून म्हणाले. "भ्याली नाही! सवय झाली गं लेकराला माझी!"

तो आवाज तिच्या कानापासून वीतभर अंतरावर होता. ती त्यांच्या शर्टाच्या गुंडीशी खेळत राहिली.

मला तिच्या मागं जाऊन हाक मारून बघायची गरज नव्हती.  पुन्हा तीच खोली, तीच सपाट रेघ, पुन्हा ऑपरेशन, आलेले शब्द पुन्हा पुसट होणं, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्या डोळ्यांपुढंच हे तिच्या केसांवर गाल टेकून बसले होते, डोळे भरलेले, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं बोलत होते, पेरूचं, भाजीचं, रस्त्यात कोण भेटलं त्याचं, आणि ती ऐकत असल्यासारखी त्यांच्या ओठांकडं बघत होती. मला त्या माणसाची दया आली.

सांगायला तर हवंच होतं. आणि ह्यांना काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं. मी गॅसकडं वळले, चहाचं आधण ठेवलं, आणि उकळायला वेळ लागावा म्हणून त्यात पाणी जरा जास्तच घातलं.